मकाऊचं आ-मा मंदिर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न (व्हीलचेअर सोबत असेल तर आधी हे वाचा)

हाँगकाँगची सहल ठरली की त्यात एक दिवस मकाऊचा येतोच. त्या एका दिवसात सेंट पॉलच्या पडक्या चर्चचे अवशेष, कॅसिनो आणि आ-मा मंदिर असं सगळं कोंबलेलं असतं. घरात गुडघे धरलेली आई किंवा व्हीलचेअरवरचे सासरे असले की पहिली शंका मंदिराबद्दल येते, कारण फोटोत टेकडी दिसते आणि पायऱ्या दिसतात. म्हणून ही उत्तरं एकत्र लिहून ठेवली आहेत. बाकीच्यांच्या शंकाही त्यातच आल्या आहेत.

आ-मा म्हणजे कोण?

दर्यावर पोट असणाऱ्यांची देवी. चीनच्या फूच्येन प्रांतात मेइचौ नावाचं बेट आहे. तिथल्या लिन घराण्यात इ.स. ९६० मध्ये जन्मलेली लिन मो ही मुलगी पुढे देवी झाली, अशी श्रद्धा. ९८७ मध्ये, तिशीही गाठायच्या आत, ती गेली. तिची सगळ्यात गाजलेली कथा मागावरची आहे. विणता विणता तिची तंद्री लागली आणि त्या तंद्रीतच ती वादळात सापडलेल्या बापाला आणि भावांना ओढून काढत होती. पोरीला काय झालं म्हणून आईने घाबरून तिला गदागदा हलवलं, तिला जाग आली आणि तेवढ्यात एकाचा हात सुटला. कोणाचा सुटला, बापाचा की भावाचा, हे सांगणाऱ्यागणिक बदलतं.

चीनमध्ये आणि तैवानमध्ये ती माझू, हाँगकाँगमध्ये तिन हाउ, मकाऊत आ-मा. देवी एकच. तिच्या दोन्ही बाजूंना दोन सेवक असतात, एकाला हजार मैलांवरचं दिसतं आणि दुसऱ्याला वाऱ्यावरून आलेलं सगळं ऐकू येतं. समुद्रात माणूस हरवला तर आणखी काय लागतं? या दोघांचे चेहरे भयंकर असतात, लहान मुलं घाबरतात, आधी सांगून ठेवा. माझूची श्रद्धा आणि तिचे विधी २००९ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत आले.

मकाऊची स्वतःची कथा वेगळी आहे. एका गरीब मुलीला बोटीतून पलीकडे जायचं होतं. श्रीमंतांच्या मोठ्या जहाजांनी तिला हाकलून दिलं आणि एका साध्या मासेमाराने बोटीत घेतलं. वाटेत वादळ झालं, मोठी जहाजं फुटली आणि मासेमाराची बोट तेवढी काठाला लागली. मुलगी उतरली, बार्रा टेकडीवर चढली आणि दिसेनाशी झाली. मंदिर तिथंच बांधलं.

मंदिर खरंच १४८८ सालचं आहे का?

परंपरेने तेच साल सांगतात, आणि ते सगळ्या आवाराचं नाही, वरच्या बाजूच्या ‘परोपकार दालना’चं आहे. सगळ्यात जुनं आणि आकाराने छोटं दालन तेच. खालचं ग्रॅनाइटचं प्रार्थनादालन १६०५ मधलं, १६२९ मध्ये पुन्हा बांधलेलं. पोर्तुगीजांनी मकाऊत बस्तान बसवलं १५५७ मध्ये, म्हणजे देवी त्यांच्या आधीची. ‘आ-मा-गाउ’, म्हणजे आ-माचा उपसागर, यावरूनच शहराचं नाव पडलं असं मानतात. २००५ मध्ये मकाऊचा ऐतिहासिक भाग जागतिक वारसास्थळ झाला, त्यात हे मंदिर आहे. २०१६ च्या फेब्रुवारीत, चिनी नववर्षाच्या दिवसांतच, आतल्या एका दालनाला आग लागली होती. ते नंतर दुरुस्त केलं.

व्हीलचेअर आत जाते का?

सरळ सांगायचं तर पूर्ण मंदिर व्हीलचेअरने होत नाही. ‘अर्धंमुर्धं होतं’ असं गुळमुळीत उत्तर दिलं की लोक नको त्या अपेक्षेने जातात आणि दाराशी हिरमुसतात, म्हणून टप्प्याटप्प्याने सांगतो.

मंदिरासमोर बार्राचा मोठा चौक आहे. तो सपाट आहे. फक्त त्याची फरसबंदी पोर्तुगीज पद्धतीची, छोट्या छोट्या दगडी तुकड्यांची आहे. त्यावर खुर्चीची पुढची लहान चाकं खडखडतात आणि मणक्याचं दुखणं असलेल्या माणसाला ते जाणवतं. जाडसर उशी न्या. वेग कमी ठेवा, आणि खडबडीत भागावर खुर्ची किंचित मागे कलवून मोठ्या चाकांवर चालवा. चौकातून दगडी सिंह, ग्रॅनाइटचं महाद्वार, छपराच्या कडेवरचे चिनीमातीचे प्राणी आणि मागे झाडीत चढत गेलेली दालनं असं सगळं नीट दिसतं. धूपाचा वास तर रस्त्यापलीकडे येतो.

मग महाद्वार. तिथे मोजक्या दगडी पायऱ्या आहेत. दोन धट्टेकट्टे माणसं सोबत असतील तर हा टप्पा जमण्यासारखा आहे. आत आलं की प्रवेशाजवळच तो प्रसिद्ध मोठा खडक आहे. त्यावर शिडाचं जहाज कोरून रंगवलेलं आहे आणि जहाजाच्या निशाणावर मोठं पाणी सुखरूप पार करण्याचा शुभशब्द लिहिला आहे. माझ्या मते अख्ख्या मंदिरात पाहण्यासारखं काही असेल तर हा खडक. देवीच्या मूर्ती चीनभर आहेत, पण मासेमारांचं मागणं इतक्या उघडपणे दगडावर लिहिलेलं क्वचितच दिसतं. वेळ थोडा असेल तर बाकी सगळं सोडा आणि इथे थांबा.

त्यापुढे मात्र पायऱ्याच पायऱ्या. दालनं टेकडीच्या उतारावर एकावर एक आहेत, मधली वाट मोठमोठ्या धोंड्यांमधून वळणं घेत जाते आणि काही ठिकाणी अरुंद आहे. लिफ्ट नाही, रॅम्प काढायला जागाही नाही. शिवाय चिनी मंदिराचा उंबरठा मुळातच उंच असतो. तो पायाखाली घ्यायचा नाही, ओलांडायचा, असा रिवाज आहे.

चौघांनी खुर्ची उचलून वर नेली तर?

नका नेऊ. आपल्याकडे गडावर डोलीतून आजी जातात म्हणून इथेही जमेल असं वाटतं, पण डोलीवाले रोजचे सरावलेले असतात आणि तुमचा मेहुणा नसतो. पायऱ्या शेकडो वर्षांच्या पावलांनी गुळगुळीत झाल्या आहेत. मकाऊची हवा दमट, पाऊस पडला की दगड बुळबुळीत होतो. त्यात वरून उतरणाऱ्यांची गर्दी.

महाद्वाराच्या पायऱ्यांपुरतं करायचं असेल तर पद्धत अशी: बसलेल्या माणसाची पाठ पायऱ्यांकडे करा, मोठी चाकं पहिल्या पायरीला टेकवा, खुर्ची मागे कलवा, आणि मागच्याने हँडल ओढत एकेक पायरी चढवा. समोरच्याने फ्रेम धरायची. फूटरेस्ट किंवा हाताचे टेकू धरू नका, ते निघून हातात येतात. उतरताना हेच उलट क्रमाने, माणसाचं तोंड आधीसारखंच खालच्या बाजूला ठेवून. पट्टा लावलेला असू द्या. इलेक्ट्रिक खुर्ची असेल तर हाही विचार सोडा, तिचं वजनच माणसाएवढं किंवा जास्त असतं.

काठी घेऊन चालता येतं, पायऱ्या हळूहळू जमतात. मग?

मग प्रार्थनादालनापर्यंत जाऊन या आणि तिथून वरचं सोबतच्यांवर सोडा. घाई करू नका. टूर गाइडने वीस मिनिटं दिली असतील तर खाली चौकात बसणं बरं. पायऱ्या चढून, दमून, देवीकडे न बघताच परत फिरण्यात काय अर्थ आहे?

चपला कुठे काढायच्या? आणि खुर्चीची बाहेरची चाकं आत चालतात का?

चपला काढायच्याच नाहीत. चिनी मंदिरात सगळे बूट घालूनच जातात. त्यामुळे ‘चाकं बाहेरून आली आहेत, विटाळ होईल’ हा आपल्याकडे हमखास निघणारा वाद तिथे निघत नाही. खुर्चीला अडवतात त्या पायऱ्या, पुजारी नाही. काठीच्या रबरी टोकालाही कोणी हरकत घेत नाही.

तिथे पोचायचं कसं?

व्हीलचेअर असेल तर मकाऊत उतरण्याची जागा विचार करून निवडा. हाँगकाँगहून बोटीला साधारण एक तास लागतो, पण मकाऊत बोटी दोन धक्क्यांवर लागतात. जुना बाहेरच्या बंदराचा धक्का आणि ताइपाचा धक्का. ताइपाच्या धक्क्याला लागूनच लाइट रेल्वेचं स्टेशन आहे, विमानतळालाही आहे, आणि डिसेंबर २०२३ पासून ही गाडी थेट बार्रापर्यंत येते. स्टेशनांवर लिफ्ट आहेत, डब्यात सपाट शिरता येतं. बार्रा स्टेशनहून मंदिर थोड्याच अंतरावर आहे. म्हणून तिकीट ताइपाचं काढा.

बोटीत चढताना एक लक्षात घ्या. धक्का आणि बोट यांच्यामधला पूल भरती-ओहोटीप्रमाणे कमी-जास्त तिरका होतो. कर्मचाऱ्यांना आधी सांगितलं की ते मदत करतात, पण तिकीट काढतानाच सांगा, रांगेत उभं राहिल्यावर नाही. समुद्र लागत असेल तर २०१८ मध्ये सुरू झालेल्या हाँगकाँग-झुहाई-मकाऊ पुलावरून बसही आहे, ती रात्रंदिवस चालते.

शहरातून १, ५, १० अशा बस मंदिराजवळ थांबतात. टॅक्सीत घडीची खुर्ची मागे मावते. खुर्चीसकट आत घेणाऱ्या टॅक्सी मोजक्याच आहेत, त्या आधी फोन करून ठरवाव्या लागतात. हॉटेलवाल्यांना सांगा, ते कँटनीजमध्ये बोलून काम करून देतात.

वेळ, तिकीट?

सकाळी ७ ते संध्याकाळी ६. तिकीट नाही. नऊच्या आत पोचलात तर मंदिर स्थानिक म्हाताऱ्यांचं असतं, दहानंतर टूर बसवाल्यांचं.

कोणत्या दिवसांत जावं? उत्सव कधी असतो?

हवेसाठी ऑक्टोबर ते डिसेंबर. मे ते सप्टेंबर उकाडा, पाऊस आणि वादळांचे इशारे. चिनी नववर्षाची आदली रात्र आणि पहिला दिवस खुर्ची घेऊन टाळाच. फटाके, धूर आणि खांद्याला खांदा लागेल अशी गर्दी असते.

देवीचा जन्मोत्सव चिनी तिसऱ्या महिन्याच्या २३व्या दिवशी. चिनी महिना आपल्यासारखाच अमावास्येच्या आसपास सुरू होतो, त्यामुळे २३वा दिवस म्हणजे वद्य अष्टमीची आगेमागे. चैत्र किंवा वैशाख धरा, इंग्रजी महिन्यात एप्रिल-मे. या दिवसांत मंदिरासमोरच्या चौकात बांबूचा मोठा मांडव घालतात आणि त्यात कँटनीज ऑपेरा होतो. तो करायचा देवीसाठी. माणसं बघतात ती देवीच्या सोबतीने.

आता हे बघा. वर्षभर खुर्चीवरच्या माणसाला सांगावं लागतं की खरं मंदिर वर आहे. उत्सवात सगळा जमाव, नाटक, झांजा-ढोल, रंगवलेले चेहरे, भरजरी कपडे हे सगळं खाली सपाट चौकात उतरतं. माझं ऐकाल तर व्हीलचेअर घेऊन जायचं असेल तर उत्सवाच्या दिवसांतच जा, फक्त मुख्य दिवस टाळून आधी किंवा नंतरचा खेळ गाठा. ऑपेरा तासन्‌तास चालतो आणि मध्येच उठून गेलं तर कोणी वाईट वाटून घेत नाही. आवाज मात्र कर्कश असतो. श्रवणयंत्र असेल तर त्याचा आवाज कमी करून ठेवा.

मासेमार अजून येतात का, की आता फक्त पर्यटक?

येतात. संख्या पूर्वीसारखी नाही. मकाऊचं पोट आता जाळ्यावर नाही, जुगारावर आहे, आणि बोटींवर जन्मून बोटींवरच म्हातारी होणारी कुटुंबं जमिनीवरच्या घरांत गेली. पण आतल्या बंदरात मासेमारीच्या बोटी अजून लागतात आणि उत्सवाला त्या घरांतली माणसं असतातच. दक्षिण चीन समुद्रात १ मे ते १६ ऑगस्ट मासेमारी बंद असते, जशी आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै. उत्सव बंदीच्या तोंडावर किंवा नुकती बंदी लागल्यावर येतो. आपल्या नारळी पौर्णिमेला कोळी दर्या उघडतो, इथे बोटी बांधायच्या वेळेला देवीचं देणं फेडतात.

आम्ही पूजा करू शकतो का?

कोणीही करू शकतं, धर्म विचारत नाहीत. तीन उदबत्त्या पेटवायच्या, ज्योत फुंकायची नाही तर हलवून विझवायची, दोन्ही हातांनी कपाळाशी धरून वाकायचं आणि समोरच्या राखेच्या मोठ्या पात्रात रोवायच्या. नारळ फोडत नाहीत, तीर्थ देत नाहीत. वरून टांगलेल्या शंकूसारख्या वेटोळ्या उदबत्त्या असतात, त्या दिवसेंदिवस जळतात आणि खाली राख गळत राहते. फोटो काढायला म्हणून त्यांच्या बरोबर खाली उभं राहिलं की ती राख डोक्यावर पडते, पांढऱ्या साडीवर तर नक्कीच. खुर्चीवरच्या माणसाला चटकन बाजूला होता येत नाही, त्यामुळे खुर्ची लावताना वर बघा.

ज्यांना पायऱ्या चढता येत नाहीत त्यांच्या नावाने सोबतच्याने उदबत्ती लावली तरी चालते. तिथली माणसंही घरातल्या अंथरुणाला खिळलेल्यांसाठी तेच करतात.

दमा असेल तर मास्क आणि पंप जवळ ठेवा. दालनांत धूर कोंडतो, चौकात वारं असतं.

नैवेद्यात मांस असतं असं ऐकलं.

असतं. उत्सवाला अख्खं भाजलेलं डुक्कर देवीपुढे ठेवतात आणि नंतर कापून वाटतात. फळं, मिठाया, चहाही असतात. घरात कोणाला ते बघवत नसेल तर मुख्य दिवस टाळण्याचं हे आणखी एक कारण. नाक मुरडू नका, एवढंच.

मंदिरात कुआन यिनचीही मूर्ती आहे. ती बौद्ध ना?

हो, सगळ्यात वर तिचं साधं, विटांचं दालन आहे. आ-मा मंदिरात ताओ, बौद्ध आणि लोकदेवता गुण्यागोविंदाने नांदतात. कुआन यिन म्हणजे आपला अवलोकितेश्वर, चीनमध्ये जाऊन स्त्रीरूप झालेला. आणि इथे महाराष्ट्राचा धागा अगदी थेट लागतो. छत्रपती संभाजीनगरच्या लेण्यांतल्या सातव्या लेण्याबाहेर अवलोकितेश्वराचं मोठं शिल्प आहे. त्यात भक्तांवर आलेली आठ संकटं कोरली आहेत आणि त्यांतलं एक बुडणाऱ्या जहाजाचं आहे. कान्हेरीच्या नव्वदाव्या लेण्यातही अशीच संकटमालिका आहे. सोपारा-कल्याणचे व्यापारी ज्याला हाक मारत होते, त्याच्याच चिनी रूपाचं दालन मकाऊच्या मासेमारांच्या टेकडीवर आहे. वर चढता येत नसेल तर हे दालन राहून जाईल, पण त्याची आठवण घरी परतल्यावर लेण्यात जाऊन भरून काढता येते. अर्थात तिथेही पायऱ्या आहेतच.

मकाऊचा गोव्याशी काय संबंध?

जवळचा. १८४४ पर्यंत मकाऊचा कारभार गोव्याच्या अधिकाराखाली होता. मंदिरापासून चढावर थोडं वर गेलं की पिवळ्या-पांढऱ्या कमानींची लांबलचक इमारत लागते, मूरिश बॅरॅक्स. १८७४ मध्ये ती बांधली ती गोव्याहून मकाऊच्या पोलिसांच्या मदतीला आणलेल्या हिंदी पलटणीसाठी. आज तिथे सागरी आणि जल विभागाचं कार्यालय आहे. कोकण-गोव्याकडची पोरं त्या व्हरांड्यात उभी राहून खालचं बंदर बघत असतील आणि उदबत्त्यांचा वास त्यांना घरच्यासारखाच येत असेल, हा माझा तर्क. त्या चढावर हाताने ढकलायची खुर्ची दमछाक करते. एकट्याने ढकलू नका, उतरताना पाठमोरं उतरा.

जेवणातही नातं दिसतं. गोव्याचं बालचांव आणि मकाऊचं बालिशांव ही कोळंबीच्या मसाल्याची भावंडं आहेत. आणि ज्यांनी जुन्या गोव्यात सेंट झेवियरचं शव पाहिलं असेल त्यांना सांगतो, त्यांच्या हाताच्या हाडाचा एक अवशेष मकाऊत सेंट जोसेफच्या चर्चमध्ये ठेवला आहे.

व्हिसा आणि पैसे?

भारतीय पासपोर्टवर मकाऊत ३० दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. हाँगकाँगमार्गे जाणार असाल तर हाँगकाँगची ऑनलाइन पूर्वनोंदणी आधी करून छापून ठेवा. परत येताना हाँगकाँगमध्ये पुन्हा प्रवेश होतो, तेव्हाही तो कागद लागतो. नियम बदलतात, निघण्याआधी सरकारी संकेतस्थळ बघून घ्या. चलन पटाका, पण हाँगकाँग डॉलर सगळीकडे घेतात. उदबत्त्यांसाठी सुट्टे ठेवा.

बाकीचे वर गेल्यावर खाली थांबणाऱ्याने काय करायचं?

चौकासमोरच सागरी संग्रहालय आहे, मंगळवारी बंद. जहाजांच्या प्रतिकृती, मासेमारीची जाळी आणि होड्या बघताना वरच्या मंदिराचा अर्थ जास्त लागतो. खाली एकट्याला ठेवू नका, पाळीपाळीने वर जा. अर्धा गट वर, अर्धा खाली, मग अदलाबदल. एवढं ठरवलं तर मंदिर दीड तासात निवांत होतं.

हाँगकाँगमध्येच याच देवीचं सपाट जागेवरचं मंदिर आहे का?

आहे. याऊ मा तेईचं तिन हाउ मंदिर. पूर्वी ते पाण्याकडे तोंड करून काठावर होतं, नंतर भराव टाकून समुद्रच लांब ढकलला. आता समोर वडाच्या झाडांचा चौक आहे, म्हातारी माणसं पट मांडून बुद्धिबळ खेळत बसलेली असतात आणि रात्री शेजारी टेंपल स्ट्रीटचा बाजार भरतो. टेकडी नाही, चढ नाही. अडसर उरतो तो दाराच्या उंबरठ्याचा. तेवढ्यासाठी घडीचा छोटा रॅम्प सोबत असेल तर आधी तिथल्या माणसाला दाखवून विचारा आणि मगच लावा. नवस मकाऊच्या आ-माचा बोललेला असेल, तर प्रश्न वेगळा. नुसतं देवीचं दर्शन हवं असेल तर आजींना इथेच आणा.